उणे एक

गुरुवारचा बाजार उठायच्या बेतात होता एल आल्तोत,
वारा ताडपत्र्यांशी झोंबत होता,
तेव्हा बासिलिया तार्की आली
पाठीवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या फडक्यात
तान्हं बांधावं तसा सीपीयू बांधून.
मागे भाचा विल्मर, मान खाली.

“यानं खेळासाठी विंडोज टाकलं,” ती म्हणाली,
“आणि सेवेरो पुसला गेला.”

सेवेरो तिचा नवरा नव्हे. रेडिओवरचा जोडीदार.
पहाटे चारला दोघं आयमारात निरोप वाचायची:
चरायला गेलेली लामा हरवली आहे, कानात तांबडी लोकर;
आईला बरं नाही, फाउस्तिनो, खाणीतून घरी ये;
बटाट्याचा भाव कालचाच.
एकोणीस वर्षांचे निरोप त्यानं डेबियनवर साठवले
आणि जूनच्या थंडीत तो गेला.

मी बटण दाबलं.
निळी खिडकी उघडली, नव्या भाडेकरूसारखी हसत,
जणू या घरात आधी कुणी राहतच नव्हतं.

“पुसला नाही, बाई.
त्याची खोली आहे तशी आहे.
दाराशी बसणारा तेवढा बदललाय.
डिस्कच्या अगदी तोंडाशी पाचशे बारा बाइटांची जागा असते,
माझ्या टपरीहून अरुंद.
तिथे जो बसतो तो सांगतो आत कोण कोण राहतं.
नव्यानं आल्या आल्या आपला माणूस बसवला
आणि त्याला एकच नाव पढवलं.”

ती काही बोलली नाही.
डॉक्टरांनाही ती असंच ऐकून घेत असणार.

पेनड्राइव्ह लावला. उसन्या दिव्याच्या उजेडात
सेवेरोचं विभाजन शोधलं, जोडून घेतलं,
बाहेरचे तीन नळ आत वळवले,
मग रूट बदलला.
हे काम मला दर वेळी जरा भिववतं:
झोपलेल्या घरात शिरायचं
आणि त्याच्याच आवाजात आज्ञा द्यायची.

बोटं गारठलेली. ए-च्या जागी बी पडलं.
लोडर जाऊन बसला पेनड्राइव्हवरच,
हळद नवऱ्याऐवजी घोड्याला लागली.
पुन्हा सुरू केलं तर तीच निळी खिडकी, तेच हसू.
मी खोकलो. “केबल सैल होती,” म्हणालो.
बासिलियानं केबलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

दुसऱ्यांदा अक्षर मोठ्यानं वाचून मग एंटर.
काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत एक ओळ: डेबियन.
एकच.
विल्मरनं पहिल्यांदा मान वर केली. “माझं?”
“बरं झालं,” ती हसली,
पोराचा चेहरा पाहिला
आणि हसू आवरून माझेच शब्द त्याला दिले:
“पुसलं नाही रे. दाराशी सांगायचं राहिलंय.”

हल्लीचा लोडर शेजारच्या खोलीत डोकावत नाही,
सावधगिरी म्हणून. सेटिंगमध्ये एक ओळ लिहून
त्याला मुभा द्यावी लागते.
दिली. दोन नावं आली, एकाखाली एक,
आणि कोपऱ्यात घड्याळ: दहा, नऊ, आठ.

“मी चष्मा शोधेपर्यंत हा ठरवून मोकळा होईल,” ती म्हणाली.
मग दहाच्या जागी मी उणे एक लिहिलं.
उणे एक म्हणजे मोजायचंच नाही.
कुणी येऊन बोट ठेवीपर्यंत
दोन्ही नावं धरून बसून राहायचं.

जाण्याआधी तिनं एक फाइल लावली, कुठलीतरी.
आधी खोकला. मग सेवेरो: लामा, कान, तांबडी लोकर.
शेजारची वालवाली माप हातात धरून थांबली.
“ती सापडली,” म्हणाली, “माझ्या काकाची होती.”

विल्मर स्पीकरशी वाकला होता.
“आणि तो खाणीतला? फाउस्तिनो? तो आला घरी?”

बासिलिया फडक्याची गाठ मारत होती.
“त्याचं,” ती म्हणाली, “कुणी कळवलं नाही.”